घरी ग्रीटिंग कार्ड करताय? या चुका टाळा

कार्ड बिघडलं की बोल रंगाला लागतो. पण बहुतेक वेळा घात करतं ते पाणी: रंगातलं, डिंकातलं आणि नागपुरात तर हवेतलंसुद्धा. मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो, आणि त्याच खोलीत कूलर लावला की थोड्या वेळात कागद लुळा पडतो. राखी आणि तान्ह्या पोळ्याची कार्डं तर ऐन पावसाळ्यात करायची असतात, तेव्हा फेविकॉल वाळता वाळत नाही. कूलरच्या झोतात टेबल मांडू नका आणि कागद वापरेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

घडीवर कागद फुटतो

कार्डाला २२० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम) कागद लागतो. नागपुरात बर्डीत किंवा इतवारीत दुकानात गेल्यावर नुसतं 'जाड कार्डशीट द्या' म्हणू नका. जीएसएम विचारा, आणि कागद चकचकीत आहे की मॅट तेही बघून घ्या.

एवढं करूनही घडी फुटते, कारण ती ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, आडवी पडलेली असते. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, तीच घडीची दिशा. ए-फोर कागदाचा ग्रेन बरेचदा लांबीच्या दिशेने असतो. असा कागद सरळ मधोमध दुमडला तर घडी ग्रेनच्या आडवी जाते. त्याऐवजी त्याचे कापून दोन तुकडे करा (२१० x १४८ मिमी) आणि प्रत्येक तुकडा २१० च्या बाजूने मध्यावर, १०५ वर, दुमडा. घडी ग्रेनसोबत येते आणि एका कागदात दोन कार्डं होतात.

दुमडण्याआधी पट्टी लावून बोन फोल्डरने (घडी दाबायच्या बोथट पट्टीने) किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूने ओढायची आणि कागद त्या खाचेपासून उलट दिशेला दुमडायचा, म्हणजे उठलेला कंगोरा आत जातो. हे बहुतेक जण उलटं करतात.

रंग दिला की कार्ड वाकडं होतं

घडीच्या कार्डावर थेट जलरंग देऊच नका. ३०० जीएसएमच्या जलरंगाच्या कागदाचा ९५ x १३८ मिमीचा तुकडा घ्या, चारही कडा मास्किंग टेपने पाटीवर चिकटवा, रंगवा, पूर्ण वाळू द्या आणि मग कार्डावर डकवा. वाळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. हाताची मागची बाजू टेकवा: गार लागला तर आत ओल आहे. अशा अर्धवट ओल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की फुलकोबीसारखा डाग उमटतो. तो पुसायला जाल तर आणखी पसरेल.

तरीही तुकडा वाकला तर मागून ओलसर स्पंज फिरवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा.

पांढऱ्याचा घोळ वेगळाच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्डावर दीक्षाभूमीचा घुमट काढताना आधी निळं आकाश पूर्ण भरून वर पांढरा पोस्टर कलर देतात. खालचा निळा त्यात विरघळतो आणि घुमट राखाडी दिसतो. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. घुमटाची जागा आधीच सोडा.

अॅक्रिलिक रंगाची कार्डं उन्हाळ्यात एकावर एक रचू नका. उष्णतेने रंगाचा थर मऊ पडतो आणि कार्डं एकमेकांना चिकटतात. मध्ये बटर पेपर घाला.

ठसा अर्धवट उठतो

ठसा पॅडवर दाबला की शाई कडांवर चढते आणि छापाभोवती घाणेरडी चौकट उमटते. ठसा उलटा धरा आणि पॅड त्यावर हलकेच टपटप करा. छापताना खाली चार-पाच वर्तमानपत्रं घ्या, सरळ दाबा, डोलवू नका. मधला भाग कोरा राहतो त्याचं कारण बहुधा टेबलाचा कडकपणा असतो, शाई नव्हे. नवा पारदर्शक ठसा शाई धरत नसेल तर त्यावर पांढरं खोडरबर हलकेच फिरवा.

ऑफिसच्या स्टॅम्प पॅडची शाई रेघांना वापरून आत जलरंग भरला तर रेघा पसरतात. त्यासाठी वॉटरप्रूफ शाईच हवी. चकचकीत कागदावर साधी शाई शोषली जात नाही, बोट लागलं की पुसते.

एम्बॉसिंग पावडर (छापाच्या ओल्या शाईवर टाकून तापवली की वितळून उठाव देणारी पूड) वापरायची तर पिगमेंट शाई लागते, कारण ती सावकाश वाळते. त्याआधी कागदावर किंचित टाल्कम पावडर पुसून झटका, नाहीतर घामेजल्या बोटांच्या ठशांवरही पावडर चिकटते. हेअर ड्रायरचं मात्र काही खरं नाही: वारा जास्त, उष्णता कमी, पावडर उडून जाते. हीट गनने (कडक गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) पावडर चमकली की लगेच गन हलवा. जास्त तापली की उठाव बसतो आणि छाप तेलकट दिसतो.

मुलं भेंडीचे किंवा अर्ध्या संत्र्याचे ठसे करणार असतील तर कापलेली बाजू टिशूवर पालथी ठेवून आधी कोरडी होऊ द्या. रंग स्पंजने लावा. रसात मिसळलेला रंग ओघळतोच.

मणी, कुंदन, चमकी

सजावट शेवटी. ओल्या रंगावर चमकी टाकली की ती नको तिथे कायमची बसते. फेविकॉल कागदाखाली सपाट फासू नका, सुरकुत्या पडतात. मोठ्या तुकड्यांना डबल साइडेड टेप, उठाव हवा तिथे फोम टेप आणि डिंक फक्त मण्यांपुरता, टाचणीच्या टोकाएवढा. पाठीला गम असलेले तयार मोतीही उन्हाळ्यात सुटतात, त्यांनाही एक ठिपका लावा. ग्लू गनचा गोंद उन्हात उभ्या बंद गाडीत मऊ होतो. वजनदार कुंदन कार्डाच्या खालच्या अर्ध्यातच लावा, वर लावलं की कार्ड पुढे झुकतं.

पोस्टाने पाठवायचं असेल तर हिशोब आधी करा. घडी घातलेलं १०५ x १४८ मिमीचं कार्ड ३०० जीएसएममध्ये सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास भरतं. वर रंगवलेला तुकडा चार ग्रॅम, पाकीट आणखी काही ग्रॅम. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे मण्यांना फार वाव उरत नाही. सी-सिक्स पाकीट (११४ x १६२ मिमी) घ्या आणि कार्डाच्या तोंडावर एक जाड कोरा कागद ठेवून मगच बंद करा, म्हणजे शिक्क्याचा मार मोत्यांना बसत नाही.