गुलाब जुना की मॉडर्न? ओळखताना आणि निवडताना या चुका टाळा

गुलाब ओळखायचा म्हटलं की सगळे आधी फुलाकडे बघतात आणि तिथेच निम्मी गडबड होते, कारण अख्ख्या झाडात फूलच सगळ्यात फसवं असतं. ऊन, थंडी, खत, झाडाचं वय, फूल उमलून किती तास झाले, या सगळ्यावर रंग पण बदलतो आणि आकार पण. म्युटाबिलिस नावाचा चायना गुलाब उमलताना पिवळसर असतो, मग गुलाबी होतो आणि शेवटी किरमिजीकडे जातो, एकाच झाडावर एकाच दिवशी तिन्ही रंग! आता यातल्या एकाच फुलाचा जवळून काढलेला फोटो कुणी दाखवला तर नाव कसं सांगणार?

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जुन्यासारखा दिसतो म्हणून जुना समजणं. भरगच्च पाकळ्या, वाटीसारखं फूल, मस्त सुगंध, झालं, 'ओल्ड रोझ' म्हणून मोकळे. पण गुलाबाच्या नव्या जाती तयार करणारे डेव्हिड ऑस्टिन यांचे इंग्लिश गुलाब नेमके असेच दिसतात, त्यांचा पहिला कॉन्स्टन्स स्प्राय आला १९६१ मध्ये आणि पिवळा ग्रॅहम थॉमस १९८३ मध्ये, म्हणजे हे सगळे मॉडर्नच. जुन्या-नव्याची रेघ मारतात ती १८६७ वर, त्या साली फ्रान्समध्ये गियो यांचा 'ला फ्रान्स' आला, तो पहिला हायब्रिड टी (मॉडर्न गुलाबांचा एक मुख्य गट) मानतात. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी खूप जणांच्या लक्षात येत नाही: साल बघायचं ते त्या गुलाबाच्या गटाचं, झाडाचं किंवा जातीचं नाही. गॅलिका हा गट १८६७ च्या आधीपासून आहे, त्यामुळे कुणी आज नवीन गॅलिका तयार केला तरी तो जुन्या गुलाबातच धरतात, आणि शंभर वर्षांपूर्वीचा हायब्रिड टी कितीही आजोबा वाटला तरी मॉडर्नच.

एवढा कीस कशाला पाडायचा, तर छाटणीसाठी. गॅलिका, अल्बा, सेंटिफोलिया आणि बरेचसे डमास्क हे जुने गट वर्षातून एकदाच फुलतात आणि तेही आदल्या वर्षीच्या फांद्यांवर. हायब्रिड टीला जशी हिवाळ्याच्या शेवटी कडक छाटणी देतो तशी यांना दिली की त्या वर्षीची फुलं आपल्याच हाताने कचऱ्यात गेली. मी एका अल्बाला सलग दोन वर्षं गुडघ्याएवढं छाटलं, दोन्ही वर्षं पानंच पानं आली, मी खत वाढवलं, जागा बदलायचा विचार केला, आणि तिसऱ्या वर्षी कात्री लावलीच नाही तेव्हा झाड फुलांनी लगडलं. त्यामुळे 'झाड हिरवंगार आहे पण फुलत नाही' असं असेल तर खताआधी छाटणीची वेळ तपासा. एकदाच फुलणाऱ्याला बहर संपल्यावर छाटायचं, बहुतेक रॅम्बलर वेलींनाही हाच नियम. आणि नवीन आलेलं अनोळखी झाड असेल तर पहिलं वर्ष फक्त वाळकं तेवढं काढा आणि बघत राहा.

पण याच्या उलटही गैरसमज आहे, की जुने म्हणजे सगळे एकदाच फुलणारे. अजिबात नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून ओल्ड ब्लशसारखे पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब युरोपात पोचले आणि तिथून पुढे सगळं चित्रच बदललं. चायना, टी, नॉइझेट, बूर्बाँ हे सगळे जुने पण पुन्हा फुलणारे. हायब्रिड परपेच्युअल या जुन्या गटाच्या नावावर मात्र जाऊ नका, परपेच्युअल म्हणजे सतत फुलणारा, पण पहिला बहर जोरात येतो आणि नंतर बऱ्याच जाती अधूनमधूनच फुलतात.

मग ओळखायचं कसं? झाडाला हात लावून. गॅलिका बुटका आणि दाट, काटे म्हणजे बारीक टोचरे केस, पान गडद आणि खरखरीत. डमास्कच्या फांद्या कमानीसारख्या वाकतात, काटे मोठे आणि आकड्यासारखे, फुलांचे देठ नाजूक असल्यामुळे गुच्छ झुकलेला असतो. अल्बा उंच, पानांना निळसर राखाडी झाक, फुलं पांढरी नाहीतर फिकट गुलाबी, आणि थोडी सावलीही सोसतो. मॉस गुलाबाची कळी बोटांनी हलकेच चोळा, वरचं शेवाळासारखं आवरण चिकट लागतं आणि बोटांना राळेसारखा वास येतो, हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. चायनाच्या फांद्या बारीक आणि काटकुळ्या, टीची फुलं माना खाली घातलेली, दोघांचीही पानं गुळगुळीत आणि कोवळी पालवी लालसर.

रंगाचा एक पुरावा मात्र भरवशाचा आहे. गडद सोनेरी पिवळा किंवा झगझगीत केशरी, आणि वर्षातून अनेकदा फुलणारा, असा गुलाब बहुतेक मॉडर्नच असतो. हा रंग बागेतल्या हायब्रिड गुलाबांत आणला पेर्ने-दुशे यांच्या १९०० सालच्या 'सोलेय दॉर'ने, पर्शियन यलो या पिवळ्या गुलाबाच्या रक्तातून, आणि त्याच रक्तातून काळ्या ठिपक्यांचा रोगही सहज लागायला लागला. दमट जागेत जुन्या वळणाचा पिवळा गुलाब घेताना हे डोक्यात ठेवा.

आता 'माझ्या गुलाबाचा रंगच बदलला' ही तक्रार. बहुतेक वेळा रंग बदललेला नसतो, वरचं कलम मेलेलं किंवा दबलेलं असतं आणि खालचा खुंट फुलतोय. गडद लाल, थोड्याच पाकळ्यांची, वर्षातून एकदा येणारी फुलं असतील तर डॉ. ह्यूई या जातीचा संशय घ्या, अमेरिकेत हा खुंट म्हणून भरपूर वापरला गेलाय. बारीक पांढऱ्या फुलांचे मोठे गुच्छ आले तर मल्टिफ्लोरा हा रानटी गुलाब खुंट असणार. आणि ते 'पाच पानं म्हणजे कलम, सात पानं म्हणजे रानटी' हे कृपा करून विसरा, कितीतरी चांगल्या गुलाबांना सात पानं असतात आणि लोक चांगले फुटवे उपटून टाकतात. माती बाजूला करा, फुटवा कलमाच्या गाठीच्या खालून आलाय का बघा, आला असेल तर धरून ओढून काढा, नुसता कापला तर तिथूनच पुन्हा फुटतो. झाड कलमी नसून स्वतःच्या मुळांवर असेल तर मात्र फुटवा त्याच जातीचा, त्याला हात लावू नका.

निवडताना हवामान आधी, फोटो नंतर. गॅलिका, अल्बा यांना खरी थंडी लागते, हिवाळा उबदार असेल तर फुलायला कुरकुरतात, तिथे चायना, टी, नॉइझेट खुशीत वाढतात. आणि निळ्या गुलाबाच्या बिया बिलकुल घेऊ नका, खरा निळा गुलाब नाहीये आणि बियांपासून जातीचा गुलाब जसाच्या तसा येतही नाही.

नावांचाही घोळ असतो. फ्रान्समधल्या मेयां यांनी तयार केलेला एकच गुलाब फ्रान्समध्ये मादाम ए. मेयां, जर्मनीत ग्लोरिया दाय, इटलीत जोया आणि अमेरिकेत १९४५ पासून पीस, त्यामुळे चार नावं बघून चार झाडं घेऊ नका. नवीन जातींना लेबलवर एक कोड असतो, त्यातली पहिली अक्षरं तयार करणाऱ्याची, ग्रॅहम थॉमसचं 'ऑसमास' म्हणजे ऑस्टिन. लेबल पुसायच्या आधी तो कोड वहीत लिहून ठेवा.

आणि वर्षभर बघूनही नाव सापडलं नाही तर अंदाजाने नाव चिकटवू नका. पान, काटा, कळी, उघडं फूल, फळ आणि पूर्ण झाड यांचे फोटो तारखेसह ठेवा, आणि 'फाटकाजवळचा गुलाबी' असं कामचलाऊ नाव द्या, कारण त्या झाडाच्या फांद्या पुढे चार जणांकडे जातात आणि चुकीचं नावही त्यांच्याबरोबर जातं.