कोलेशन बदलताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डरींचं सॉफ्टवेअर मी जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर नेत होतो. जुन्यावर मायएसक्यूएल ८ होतं, नव्यावर मारियाडीबी १०.६; दोन्ही डेटाबेस सांभाळणारी सॉफ्टवेअर. डम्प, म्हणजे सगळ्या डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत, चढवायला घेतला आणि पहिल्याच टेबलला १२७३ एरर आली: कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रमवारी करायचे नियम) ओळखीचं नाही, युटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय. मायएसक्यूएल ८ पासून (२०१८) हेच डीफॉल्ट, म्हणजे काही न सांगितल्यास लागणारं कोलेशन, आहे, आणि मारियाडीबी १०.६ ला ते माहीतच नाही.

उपाय सोपा वाटतो. डम्प फाइलमध्ये ते नाव बदलून युटीएफ८एमबी४_युनिकोड_५२०_सीआय टाकायचं, ते दोन्हीकडे चालतं. मात्र पूर्ण नावच शोधून बदला. घाईत नुसतं ‘युटीएफ८’ (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीचं जुनं नाव) शोधून त्याजागी ‘युटीएफ८एमबी४’ (तिचा ४ बाइटपर्यंतचा प्रकार) टाकलं, की आधीच बरोबर असलेल्या नावांना ‘एमबी४’चं दुसरं शेपूट चिकटतं आणि अख्खी फाइल बिघडते. मूळ डम्पची प्रत बाजूला ठेवूनच हात लावा.

माझी खरी चूक यापुढची. डम्प चढला, ऑर्डरी दिसायला लागल्या, मी निर्धास्त झालो. पुढच्या अपडेटने एक नवं टेबल तयार केलं आणि पार्टीनिहाय यादी उघडताच १२६७: दोन कोलेशनची सरमिसळ. डेटाबेस मी आधीच रिकामा तयार करून ठेवला होता, त्याला सर्व्हरचं डीफॉल्ट लागलं होतं, जनरल_सीआय नावाचं दुसरं कोलेशन. नवं टेबल त्याच वळणावर गेलं, जुनी टेबलं युनिकोड_५२०_सीआयवर राहिली, आणि पार्टी कोड जुळवून दोघांचा जॉइन (दोन टेबलांची जोडणी) बसेना.

कोलेशन एका जागी नसतं. सर्व्हर, डेटाबेस, टेबल, कॉलम, कनेक्शन, प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. ‘ऑल्टर डेटाबेस’ने फक्त यापुढच्या टेबलांचं डीफॉल्ट बदलतं. असलेल्या टेबलांसाठी प्रत्येकावर ‘ऑल्टर टेबल’ आणि ‘कन्व्हर्ट टू’ चालवावं लागतं. म्हणून इन्फर्मेशन_स्कीमा या डेटाबेसच्या स्वतःच्या माहितीसाठ्यातल्या कॉलम्सच्या यादीत कोलेशननुसार मोजणी करा. एकापेक्षा जास्त नावं दिसली, तर कोणता कॉलम वेगळा आहे आणि का, ते आधी शोधा.

सोलापुरात आणखी एक फसगत होते. इथे पार्ट्यांची नावं मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्येही लिहिलेली असतात. या तिन्ही लिप्यांचं अक्षर युटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, त्यामुळे मायएसक्यूएलचा जुना ३ बाइटी युटीएफ८ वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. मग कुणीतरी ऑर्डरच्या शेऱ्यात इमोजी टाकतं. तो बहुधा ४ बाइटचा. स्ट्रिक्ट मोड (चुकीची माहिती नाकारायची सेटिंग) असेल तर एरर येते. नसेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जाऊ शकतो, आणि ‘माल शनिवारी पाठवा’ त्यातच गेलेलं असतं.

मराठी अक्षरांऐवजी वर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि लगेच चलनाचं गोल चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसली तर थांबा. युटीएफ-८ मजकूर लॅटिन१ (रोमन अक्षरांची जुनी, एका बाइटची पद्धत) समजून साठवला गेलाय. इथे थेट ‘कन्व्हर्ट टू’ केलं तर तो कचराच पक्का होतो. तो कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट साठवणारा प्रकार) करा, मग युटीएफ८एमबी४चा टेक्स्ट करा, आणि हे सगळं प्रतीवर करून बघा.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना जपावं. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रमवारीचे नियम बदलले. जुने टेक्स्ट इंडेक्स (नोंद पटकन शोधायच्या सूची) जुन्याच क्रमाने रचलेले राहतात, मग असलेली नोंद सापडत नाही किंवा युनिक कॉलममध्ये एकच नाव दोनदा शिरतं. कोलेशन आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा दिसला, की कित्येकजण ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ चालवून तो गप्प करतात. आधी रीइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स नव्याने रचा, मगच रिफ्रेश.

आणि यादीत ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी आले, तर बिघाड समजू नका. युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमात ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. मायएसक्यूएलमध्ये खास मराठी कोलेशन नाही, त्यामुळे हा क्रम हवाच असेल तर क्रमवारीसाठी वेगळा कॉलम ठेवा.