हत्तीला साइड द्या: सोलापूरहून काबिनीच्या जीप सफारीला जाताना

एकतीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलं. आधी अक्कलकोट, मग विजापूर, शेवटी पुण्याची रातराणी. त्यामुळं कुठल्याही गाडीत बसलो की माझी नजर आधी ड्रायव्हरच्या हातापायावर जाते, बाहेरचं नंतर. निवृत्तीनंतर हत्ती बघायला तीन वेळा कर्नाटकातल्या काबिनीला जाऊन आलो. आता जुळे सोलापुरातल्या आमच्या कट्ट्यावर रोज कोणीतरी विचारतं, "मामा, तिकडं जायचं कसं हो?" एकेकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडं हत्ती नाही. आपलं जंगल म्हणजे नान्नजचं माळरान. तिथं काळवीट, लांडगे, आणि नशीब फारच जोरावर असेल तर माळढोक. महाराष्ट्रात दोडामार्ग, चंदगड, आजऱ्याकडं कर्नाटकातून आलेले हत्ती आहेत, आणि 2021 पासून गडचिरोलीतही कळप आलाय. पण तिथं हत्ती शेतात शिरतो. कुणाची केळी, कुणाचा माड, कुणाचा भात जातो. मोटारसायकल काढून असा हत्ती बघायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी चोरी झाली आणि आपण गंमत बघायला गेलो, असला प्रकार. जायचं तर जिथं जंगल हत्तीचं आहे आणि गाडी वन खात्याच्या नियमात चालते, तिथं जावं.

आपल्याला सोयीचं पडतं ते म्हैसूरच्या बाजूचं काबिनी. 2025 मध्ये डीएनए पद्धतीनं केलेली हत्तींची मोजणी जाहीर झाली, तिच्यात देशात 22,446 हत्ती आणि त्यातले 6,013 एकट्या कर्नाटकात. काबिनी नदीवर धरण आहे. त्या पाण्याच्या एका अंगाला नागरहोळेचं जंगल, दुसऱ्या अंगाला बंदीपूरचं. मार्च ते मे या दिवसांत आतले पाणवठे आटतात, धरणाचं पाणी मागं सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. त्या गवतासाठी दोन्हीकडचे कळप काठावर उतरतात. सोलापूर त्रेचाळीस अंशांवर भाजत असतं, तेव्हाच तिकडं हत्ती सगळ्यांत छान दिसतात. दिवाळीनंतर गेलात तर जंगल हिरवंगार असतं, फोटो सुंदर येतात, पण हत्ती पांगलेले असतात आणि घाणेरीच्या झुडपांत वीस फुटांवर उभा असला तरी नुसता कान हललेला दिसतो.

जायला गोलघुमट एक्सप्रेस बरी. सोलापुरातून बसलं की विजापूरमार्गे रात्र काढून म्हैसूर. उन्हाळ्याच्या सुट्टीचं रिझर्व्हेशन खिडकी उघडताच करा, नंतर वेटिंग लिस्ट बघत बसाल. स्वतःच्या गाडीनं जायचं तर विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग असा रस्ता आहे, पण एका दमात जाऊ नका, मध्ये मुक्काम करा. हे ड्रायव्हर म्हणून सांगतोय. म्हैसूरहून एच. डी. कोटेवरून कारापूरला साधारण दोन तास धरा. तिथं कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचा मुक्काम आहे, खासगी रिसॉर्टही आहेत.

आता बुकिंग, कारण मी पहिल्यांदा इथंच आपटलो. म्हैसूरमध्ये एकानं सांगितलं, "जीप सफारी पक्की." पैसे घेतले, चिठ्ठी दिली. सकाळी दमनकट्टेच्या सफारी गेटवर बघतो तर कॅन्टर, म्हणजे वीस-बावीस माणसांची मोठी गाडी. डिझेलचा घरघराट, मागं पोरांचा दंगा, आणि प्रत्येक वळणावर सगळे उठून एकाच बाजूला. हत्ती दिसले, पण पाठमोरे, झाडीत शिरताना. त्यांची काय चूक? तेव्हापासून पक्कं ठरवलं. मधल्या माणसाकडून काही घ्यायचं नाही. जीप हवी असेल तर मुक्कामाचं बुकिंग करतानाच "सफारी जीपची की कॅन्टरची" हे लेखी विचारायचं. जीप बहुतेक वेळा मुक्कामाच्या पाहुण्यांनाच मिळते. पैसे जास्त जातात. पण एक सफारी कॅन्टरनं आणि एक जीपनं केलीत तर पैसे कशाचे ते आपोआप कळतं. कमीत कमी दोन सफाऱ्या घ्या, एक पहाटेची आणि एक दुपारची. हत्तीसाठी माझी पसंती दुपारची. ऊन उतरायला लागलं की कळप पाण्यावर येतात.

निघायच्या आधी सफारी चालू आहे ना, एवढा एक फोन करा. वाघानं माणसांवर हल्ले केल्यावर नोव्हेंबर 2025 मध्ये बंदीपूर-नागरहोळेची सफारी सरकारनं थांबवली होती. असं पुन्हा झालं तर रेल्वेचं तिकीट हातात घेऊन बसायला नको. ओळखपत्र मूळ न्या. कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्सला वेगळे पैसे पडतात. मोबाइलबद्दल गेटवर जे सांगतील ते ऐका आणि वाद घालू नका.

कपड्यांत माझी चैन झाली. जुना खाकी ड्रेस पुन्हा बाहेर काढला. आमच्या मंडळींनी पहिल्या खेपेला लालभडक नायलॉनची साडी नेसली होती, ती गाइडनं रूमवर जाऊन बदलायला लावली. मातकट, फिकट हिरवं, राखी, काहीही चालेल. अत्तर, सेंट, वासाचं तेल नको. हत्तीची नजर बेताची, पण नाक असं की विचारू नका. आपली शेंगाचटणी आणि कडक भाकरी रूमवरच ठेवा, गाडीत खायला बंदी आहे आणि ती योग्य आहे. एक गोष्ट मात्र इथूनच न्या, सोलापुरी चादर. उघडी जीप पहाटे पळायला लागली की मार्चमध्येसुद्धा गुडघे गारठतात. चादर मांडीवर घेऊन बसलो तर बंगळूरची मंडळी हसत होती. दहा मिनिटांनी त्यातलाच एक जण म्हणाला, "अंकल, थोडी इकडे सरकवा ना."

जीपमध्ये कुठं बसायचं? एसटीत मागच्या बाकड्यावर बसलेल्याला मणक्याचा हिशेब माहीत असतो, इथंही तोच. मागची रांग उंच असते, दिसतं छान, पण मागच्या अ‍ॅक्सलवर बसल्यासारखे हादरे बसतात. कंबर दुखत असेल तर मधली रांग घ्या. कडेची जागा मिळाली तर उत्तम, आणि नाही मिळाली तरी रुसू नका, कारण चांगला ड्रायव्हर हत्ती दिसल्यावर गाडी तिरकी लावतो, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसतं. आमचा ड्रायव्हर तसाच होता. गाडी थांबवायच्या आधी तो मागं बघायचा, मागं जायला रस्ता मोकळा आहे का ते. इंजिन बंद करून हात मात्र चावीवर. मी मनात म्हटलं, हा माणूस कामाचा. पुढच्या वेळी त्यालाच मागितलं. मिळेलच असं नसतं, पण मागायला काय जातं.

आपल्या सोलापूरकरांचा एक फायदा आहे, मोडकंतोडकं कन्नड येतं. माझं विजापुरी कन्नड ऐकून गाइड आधी हसला, मग खुलला. "आने" म्हणजे हत्ती. एकटा फिरणारा सुळेवाला नर म्हणजे "ओंटी सलगा", आपल्याकडं आजऱ्याचे लोक त्याला टस्कर म्हणतात. हा गाइड जेनू कुरुबा समाजाचा. पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून मध काढणारी ही माणसं, जेनू म्हणजेच मध. ज्या काकनकोट्याच्या रस्त्यानं आम्ही चाललो होतो तिथं पूर्वी खेड्डा व्हायचा, म्हणजे हाका करून रानटी हत्ती कोंडून पकडायचे. शेवटचा खेड्डा 1971 मध्ये झाला. त्याच रस्त्यावर आता हत्ती उभा राहिला की गाड्या थांबतात.

गाइडला हत्ती दिसायच्या आधी बाकीच्या गोष्टी दिसतात, त्या त्याला विचारत चला. तो लीद दाखवतो. ओली, वाफाळती असली तर कळप पुढंच आहे. सागाची सोललेली साल, मोडलेला बांबू, झाडाच्या खोडावर माणसाच्या डोक्याच्या वर घासलेला चिखल. हे बघायची सवय लागली की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा कंटाळा येत नाही. एका मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. एवढं खाणारा प्राणी मागं खुणा सोडणारच.

आणि कळप सापडला की थांबायला सांगा. लोकांची सगळ्यांत मोठी चूक ही की पाच मिनिटं फोटो काढले आणि "चला, आता वाघ." वाघाच्या नादात हत्ती सोडू नका. दुसऱ्या खेपेला आम्ही काठावर पाऊण तास इंजिन बंद करून बसलो. पुढं अकरा हत्तिणी-पिल्लं. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे सुळे नसतात, त्यामुळं सुळा दिसला की नर समजायचा. मात्र सुळा नसलेला नरही असतो, त्याला मखना म्हणतात. आमच्या सगळ्यांत जवळची हत्तीण गवत खात होती. गवत अगदी आखूड, सोंडेत नीट धरता येईना. मग ती पुढच्या पायाच्या नखांनी जमीन खरडायची, टक टक टक, मुळासकट गवत सैल झालं की सोंडेनं त्याची जुडी करायची, आणि तोंडात घालायच्या आधी ती जुडी पुढच्या पायावर आपटायची. दोनदा, तीनदा. माती झडली की मगच घास. आमच्या शेतात आई भुईमुगाचे वेल उपटून असेच पायावर आपटायची. तोच हात, तोच झटका. पिल्लू शेजारी उभं राहून नक्कल करत होतं. त्याला जुडी जमेना, एक-एक काडी उचलून हवेतच हलवत होतं. इंजिन चालू असतं तर त्या आपटण्याचा आवाज मला ऐकू आला नसता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रिंगटोन आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" जीपमधले सगळे माझ्याकडं, आणि पुढची म्हातारी हत्तीणही माझ्याकडं. तिनं खाणं थांबवलं, कान ताठ पसरले, सोंड उंच करून वास घेतला. पिल्लं क्षणात पायांच्या मध्ये. गाइडनं हातानंच खूण केली, कोणी हलू नका. मिनिटभरानं तिचे कान पुन्हा हलायला लागले तेव्हा माझा जीव खाली आला. फोन गेटवरच बंद करायचा असतो, सायलेंटवर नाही, बंद, हे मी त्या दिवशी शिकलो.

कान हलत असतील आणि खाणं चालू असेल तर हत्ती निवांत आहे. खाणं थांबलं, कान ताठ झाले, पाय झुलवायला लागला, माती उडवायला लागला तर त्याला आपण नको आहोत. कधी तो ओरडत चार पावलं धावून येतो आणि थांबतो, ती धमकी असते. गाइड सांगतो की खरा हल्ला करणारा बहुधा सोंड आत वळवून गप्प येतो. नराच्या गंडस्थळावरून काळसर तेलकट ओघळ दिसला तर तो माजावर आहे, मग फोटोचा हट्टच धरू नका. आपल्यात आणि कळपात तीन एसटी गाड्या मावतील एवढं अंतर असलं की मला बरं वाटतं. ड्रायव्हरला "अजून पुढं घे" म्हणणारा प्रवासी मी एकतीस वर्षं पाहिलाय. त्याचं ऐकून कधी कुणाचं भलं झालेलं नाही. उभं राहायचं नाही, उतरायचं नाही, टाळ्या-शिट्ट्या नाहीत. पिशवी, टोपी खाली पडली तरी गाइडला सांगायचं, आपण वाकायचं नाही.

टिप खुशीनं द्या, आणि हत्ती दिसले म्हणून नाही तर गाडी नीट चालवली म्हणून द्या. बंदीपूरकडून परतत असाल तर लक्षात ठेवा, जंगलातला हमरस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो. त्या हिशेबानं निघा.

तिसऱ्या खेपेला गेटकडं परत येताना वळणावर ओंटी सलगा उभा. अख्खा रस्ता त्याचा. ड्रायव्हरनं हॉर्न नाही, दिवा नाही, गिअर रिव्हर्सला टाकला आणि आरशात बघत जीप मागं, मागं, चांगली दोनशे मीटर नेली, एकदाही न हिसकता. तो आमच्या मागं सावकाश चालत आला, मग एका पायवाटेला लागून झाडीत गेला. मी खूश होऊन म्हटलं, "बघ, याला म्हणतात ड्रायव्हिंग."

मंडळी चादर घडी करत म्हणाल्या, "विजापूर रोडला तुम्ही कधी कुणाला एवढी साइड दिली होती का हो?"