रानातली हस्तकला आणि हत्यारांचा सुरक्षित वापर: शिक्षकांना कसे तयार करावे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांनी ते रानात घालवावेत हे ओघाने आलेच. पण स्वतः उत्तम खुंटी तासणाऱ्या शिक्षकालाही वीस मुलांच्या हातांतली पाती एकाच वेळी पाहता येतातच असे नाही, म्हणून प्रशिक्षणाचा भर वस्तूवर न ठेवता नजरेवर ठेवावा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा निवडावा, कारण जळगावकडचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात ओली मूठ हातातून निसटते. यावल अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रातून काडीही तोडू नये. शेताच्या बांधावरचा बांबू, छाटणीतली निंबाची फांदी आणि कापसाची वेचणी संपल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या एवढे साहित्य सरावाला पुरते. बांबू निदान तीन वर्षांचा, पक्का घ्यावा.

पहिल्या दिवशी शिक्षकांनी फक्त एक खुंटी करावी. अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब निंबाची काडी, छोटी स्थिर पात्याची सुरी व बसायला बुटका ओंडका एवढेच पुरे. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने म्यानातली सुरी हातात धरून हात लांब करावा आणि स्वतःभोवती फिरून पाहावे. कोणालाही स्पर्श झाला तर जागा बदलावी. बसल्यावर कोपर गुडघ्यांवर टेकवून काडी गुडघ्यांच्या पुढे धरावी आणि पाते नेहमी शरीरापासून दूर, छोट्या घावांनी चालवावे. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रोहिणी असते, त्यामुळे मांडीवर काडी ठेवून तासणे ही सर्वांत धोकादायक सवय आहे. सुरी दुसऱ्याला देताना ती म्यानात घालून खाली ठेवावी, हातोहात देऊ नये. बोथट सुरीला जास्त जोर लागतो आणि जोर लावला की ती घसरते, म्हणून धार लावणे हाही त्याच दिवसाचा धडा समजावा.

दुसऱ्या दिवशी बांबू चिरावा. कोयत्याचे पाते बांबूच्या तोंडावर टेकवून लाकडी मोगरीने ठोकावे. एका पात्यावर दुसरे पाते कधीही मारू नये. चिरलेल्या कामटीची कडही सुरीसारखी कापते, म्हणून कामटी धरणाऱ्या हातात जाड हातमोजा असावा. हत्याराची मूठ मात्र उघड्या हातानेच धरावी. गावातल्या बुरुड कारागिराला अवश्य बोलवावे, मात्र तो पायाच्या अंगठ्यात कामटी धरून पाते स्वतःकडे ओढत असेल, तर ती वर्षानुवर्षांच्या हाताची करामत आहे, मुलांनी उचलण्याची पद्धत नव्हे, हे त्याचा मान राखून सांगावे.

यानंतरचा सराव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षकाने मुद्दाम चुका कराव्यात: अंगठा पात्याच्या पुढे न्यावा, सुरी हातात ठेवून गप्पा माराव्यात, उठून चालू लागावे, आणि पाहणाऱ्याने त्याच क्षणी मोठ्याने ‘थांबा!’ म्हणावे. खान्देशात इथेच गाडी अडते, कारण समोर मुख्याध्यापक बसलेले असले की नवे सर ओठापर्यंत आलेला शब्द गिळतात. म्हणून पहिला ‘थांबा’ मुख्याध्यापकांनाच ऐकवण्याची तालीम करावी आणि त्यांनी लगेच सुरी खाली ठेवून दाखवावी.

प्रथमोपचारात स्वच्छ कापडाने जखम दहा मिनिटे सलग दाबून धरायला शिकवावे, मधे उचलून पाहू नये. जखमेत हळद किंवा कॉफी भरू नये, रक्त थांबत नसेल तर 108 ला फोन करावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे. रानात मोबाइलला रेंज कुठे मिळते ते आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

मुलांसोबतच्या पहिल्या दिवशी एका शिक्षकाकडे सुरी घेतलेली चारच मुले असावीत; बाकीच्यांनी केळीच्या सोपटाचा दोर वळावा. हत्यारे मोजून द्यावीत, मोजून परत घ्यावीत आणि एकही कमी भरले तर ते सापडेपर्यंत कोणालाही जागा सोडू देऊ नये.