‘स्मोक ऑन द वॉटर’चा रिफ गिटारवर नीट कसा वाजवावा

घरात पेटी असेल तर गिटारला हात लावण्याआधी ती काढा. पांढरी पाचला सा धरा आणि सावकाश वाजवा: सा, कोमल ग, म. मग सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. पुन्हा सा, कोमल ग, म. आणि शेवटी कोमल ग, सा. झाला रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून. एकूण बारा आघात आणि स्वर फक्त चार. दुसऱ्या तुकड्यात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, तीव्रावरून शुद्धावर उतरणारे. ललत ऐकलेल्या कानाला दोन मध्यमांचा हा शेजार लगेच ओळखू येईल.

पेटीवर आधी वाजवायला सांगतो त्याला कारण आहे. डीप पर्पल या रॉक बँडचा हा रिफ बहुतेक जण गिटारवर पहिल्याच दिवशी ‘शिकतात’ आणि मग वर्षानुवर्षं चुकीचा वाजवत राहतात. मीही त्यातलाच. सोपा म्हणून तो कुणी नीट ऐकतच नाही. तोंडाने सरगम म्हणता येईपर्यंत ऐका. १९७२च्या ‘मशीन हेड’ या अल्बममधलं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग घ्या. सुरुवातीला गिटार एकटीच असते, त्यामुळे सगळं स्वच्छ कानावर पडतं.

ट्यूनिंग आणि डावा हात

गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये लावा. मोबाइलवरचा ट्यूनर पुरेसा आहे. आपल्याला लागतात मधल्या दोनच तारा: तिसरी आणि चौथी, म्हणजे जी आणि डी. बोटं अशी पडतील (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचं पट्ट्यांमधलं घर):

मोकळ्या तारा, तिसरा फ्रेट, पाचवा फ्रेट.
मोकळ्या तारा, तिसरा, सहावा, पाचवा.
मोकळ्या तारा, तिसरा, पाचवा.
तिसरा, मोकळ्या तारा.

दरवेळी दोन्ही तारा एकाच फ्रेटवर, एकाच बोटाने आडव्या दाबायच्या. तिसऱ्या फ्रेटला पहिलं बोट, पाचव्याला अनामिका. सहाव्यासाठी तीच अनामिका एक घर पुढे न्या आणि परत मागे आणा. बोट फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ टेकेल इतकं पुढे ठेवा. मधोमध दाबलं तर तार खरखरते, आणि सहाव्यावर ही खरखर हमखास होते, कारण तिथे आपण घाईत पोचतो.

दोन तारा का, हे पेटीवर पुन्हा समजून घ्या. सा वाजवताना खाली मंद्र पंचम दाबा. कोमल गंधाराखाली मंद्र कोमल निषाद, शुद्ध मध्यमाखाली सा, तीव्र मध्यमाखाली कोमल रे. प्रत्येक जोडीत अंतर तेच राहतं, षड्ज-मध्यम भावाचं. या रिफचा भारदस्तपणा तिथून येतो. एकाच तारेवर वाजवलेली धून ओळखू येते, पण तिला वजन नसतं.

उजवा हात: पिक बाजूला ठेवा

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर हा रिफ पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवत नाही, बोटांनी खेचतो. पिक वरून खाली येताना आधी चौथी तार लागते, मग तिसरी. फरक क्षणाच्या बारीकशा तुकड्याचा असतो, पण अ‍ॅम्पमधून तो ऐकू येतो आणि स्वर फरफटल्यासारखा लागतो. बोटांनी दोन्ही तारा एकदम सुटतात आणि आघात ‘ठप्’ असा एकसंध येतो.

अंगठा चौथ्या तारेखाली, तर्जनी तिसऱ्या तारेखाली. चिमटीत मीठ घेतो तशी बोटं एकमेकांकडे ओढा. नखाने नाही, बोटाच्या पेराने. मी आठ वर्षं पिकने वाजवत होतो. एका मित्राने माझ्या हातातून पिक काढून घेतलं आणि म्हणाला, “आता वाजव.” पहिल्याच आघाताला लक्षात आलं की रेकॉर्डवरचा जो आवाज मी अ‍ॅम्पची बटणं फिरवून शोधत होतो, तो बोटांत होता.

बटणांचंही सांगतो. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडण्याचा परिणाम, वाटतं त्यापेक्षा कमी लागतं. दोन स्वर वेगवेगळे कळायला हवेत, त्यांचा गाळ व्हायला नको. अ‍ॅम्प नसेल तरी अडत नाही, साध्या अकूस्टिक गिटारवरही हे सगळं शिकता येतं.

मोजणी

आता गिटार खाली ठेवा आणि टाळी वाजवा. केरव्यासारखं एक ते आठ मोजा, चार आवर्तनं.

पहिल्या आवर्तनात टाळी १, ३, ५ आणि ८ वर.
दुसऱ्यात २, ४ आणि ५ वर.
तिसऱ्यात पुन्हा १, ३, ५ आणि ८ वर.
चौथ्यात फक्त २ वर, आणि मग तो स्वर आठपर्यंत तगवायचा.

दुसऱ्या आणि चौथ्या आवर्तनाची सम रिकामी आहे हे पाहा. आठव्या मात्रेवर आघात देऊन पुढची सम मोकळी सोडायची, सगळी मजा त्यात आहे. घाई करणारा हात तिथे थांबत नाही, तो समेवरच आदळतो, आणि रिफ शाळेच्या कवायतीसारखा सरळसोट होतो. तोंडाने मोजत टाळ्या बरोबर पडायला लागल्या की मगच गिटार घ्या. गाण्याचा वेग मिनिटाला साधारण ११२ ठोके आहे, म्हणजे आपल्या दोन मात्रांना एक ठोका. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ७० वर लावून सुरुवात करा. ७० वर रिकामी सम सांभाळता आली तर ११२ वर ती आपोआप सांभाळली जाते, उलटं होत नाही.

स्वर सोडतानाही तितकंच लक्ष द्या. सुरुवातीचे आघात तुटक आहेत. डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता फक्त दाब सैल केला की आवाज थांबतो. मोकळ्या तारांना ही सोय नाही, तिथे उजव्या हाताची बोटं परत तारांवर टेकवा. ते जमेना, तर मोकळ्या तारांऐवजी पाचवी आणि चौथी तार पाचव्या फ्रेटवर दाबा. स्वर अगदी तेच मिळतात आणि थांबवणं डाव्या हाताच्या ताब्यात येतं. उजव्या हाताला मात्र मग एक तार वर-खाली सरकावं लागतं. दोन दिवस अवघड जातं.

गाणं माहीत असू द्या

वाजवताना डोळ्यांसमोर काही असावं म्हणून सांगतो. १९७१च्या डिसेंबरमध्ये डीप पर्पल स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या माँत्रो गावी अल्बम रेकॉर्ड करायला आले होते. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेतला होता, जागा ठरली होती तिथला कॅसिनो. ४ डिसेंबरला त्याच कॅसिनोत अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (संकेतासाठी जळता गोळा सोडणारं पिस्तूल) झाडली, छत पेटलं आणि अख्खी इमारत जळाली. माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचे क्लोद नोब्स आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढत होते. धूर सरोवराच्या पाण्यावर पसरत गेला. काही दिवसांनी बेस वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तो ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे शब्द तोंडात घेऊनच.

रिफचा मूळ ट्रॅक गावातल्या पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात रेकॉर्ड झाला. आवाजाने शेजारी वैतागले, पोलिस आले, आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत बँडच्या माणसांनी दारं धरून ठेवली. बाकीचा अल्बम मग थंडीसाठी बंद असलेल्या एका हॉटेलात पुरा केला. बँडची भिस्त होती ‘नेव्हर बिफोर’वर, आधी सिंगल निघालं ते त्याचं. ‘स्मोक ऑन द वॉटर’ १९७३ साली सिंगल म्हणून आलं आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

सोबतीने वाजवताना

एकट्याने जमलं की मित्रांना बोलवा, आणि रेकॉर्डवर जो क्रम आहे तोच पाळा. आधी गिटार एकटी. मग ड्रमर इयन पेसचं हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) आणि कीबोर्डवादक जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन. लॉर्ड ऑर्गन मार्शलच्या गिटार अ‍ॅम्पमधून वाजवायचा, म्हणून तो दुसऱ्या गिटारसारखा ऐकू येतो. कीबोर्डवाल्याला हेच स्वर डिस्टॉर्शन लावून द्या. मग पूर्ण ड्रम्स, सगळ्यात शेवटी बेस.

बेस येईपर्यंत गिटारवाल्याचं काम एकच: वेग वाढू न देणं. ड्रम्स आले की हात आपसूक पुढे पळतो. पायाने मात्रा धरून ठेवा, आणि चौथ्या आवर्तनातला तो लांब स्वर आठ मात्रा पुऱ्या झाल्याशिवाय सोडू नका.