अपडेट अर्ध्यावर अडकलं तर

इंदूरहून रामबागेतल्या काकांचा फोन. ‘अगं, कॉम्प्युटर दोन दिवस विंडोजचं तेच अपडेट उतरवतोय आणि शेवटी नाही म्हणतोय!’ पाहिलं तर सी ड्राइव्हवर जेमतेम ३ जीबी जागा; बाकी सगळे नातवाच्या मुंजीचे व्हिडिओ. विंडोजचं मोठं अपडेट पुष्कळदा जागेअभावीच अडतं. आधी व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवून २०-२५ जीबी मोकळी करा.

तरी तीच एरर आली, तर उतरलेली फाइल खराब झालेली असू शकते. सर्चमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा, ‘विंडोज अपडेट’ थांबवा. मग सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’, त्यात ‘डाउनलोड’. त्याच्या आतलं सगळं पुसा. (फक्त आतलंच हं!) घाबरू नका, तुमचे फोटो-कागद तिथे नसतात. रीस्टार्ट करून अपडेट पुन्हा मागवा.

पेनड्राइव्ह वगैरे काढून ठेवा. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉप चार्जरला आणि डेस्कटॉप यूपीएसवर हवा. ‘बंद करू नका’ दिसत असताना बटणाला हात लावायचा नाही, आकडा हलत नसला तरी. काकांचा ३० टक्क्यांवर पाऊण तास बसला होता. तेवढ्यात आमचे जिरावण (इंदुरी मसाला) घातलेले पोहे झाले.