जिल्ह्यातली बातमीदारी : खान्देशात पत्रकारिता सुरू करणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्यात बातमीदार आणि ज्याच्याविषयी बातमी लिहायची तो माणूस सहसा एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यात भेटत नाहीत. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये ते हमखास भेटतात. ज्या नगरसेवकाच्या ठेक्याविषयी तुम्ही लिहिणार असता त्याचा मुलगा तुमच्या भावाच्या वर्गात असतो, ज्या डॉक्टरांविषयी तक्रार आलेली असते त्यांनीच तुमच्या काकूंचे ऑपरेशन केलेले असते, आणि आमदारांचे स्वीय सहायक सकाळी तुमच्याच टपरीवर चहा घेत असतात. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात बातमीची रचना, माध्यमांचा इतिहास आणि कायदे शिकवले जातात आणि ते मन लावून शिकलेच पाहिजेत. परंतु या जवळिकीत राहून काम नीट कसे करायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी मी मुख्यतः त्याविषयीच लिहिते आहे.

आपल्याकडे प्रत्येक पुढारी भाऊ, दादा, आप्पा, नाना किंवा तात्या असतो. बोलताना तसे म्हणण्यात काही गैर नाही, उलट न म्हणणे उद्धटपणाचे वाटते. बातमीत मात्र पूर्ण नाव आणि पद एवढेच लिहावे. ही बाब किरकोळ वाटेल, पण ‘आप्पांच्या हस्ते भूमिपूजन’ असे एकदा छापून आले की त्याच रस्त्याचे काम निकृष्ट झाल्याची बातमी पुढच्या वर्षी तुम्ही लिहू शकाल, यावर वाचकाचा विश्वास बसत नाही, आणि हळूहळू तुमचा स्वतःचाही बसेनासा होतो.

जवळिकीवर मला सापडलेला सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कागद. कागदाच्या आधारे लिहिलेल्या बातमीवर माणूस रागावतो, चार दिवस बोलत नाही, पण त्याच्याशी असलेला संबंध तुटत नाही, कारण तुम्ही त्याच्याविषयी मत मांडलेले नसते, त्याच्याच कार्यालयाची नोंद वाचकापुढे ठेवलेली असते. ग्रामसभेचे इतिवृत्त, कामाचे अंदाजपत्रक, निविदा, जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीची टिपणे, निवडणुकीत उमेदवारांनी दाखल केलेली शपथपत्रे, हे सगळे मिळण्यासारखे असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालील अर्जाला १० रुपये शुल्क लागते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे; महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. नवी मुले एकाच अर्जात दहा प्रश्न कोंबतात आणि अर्ज फेटाळला गेला की निराश होतात. एका कामाविषयी, एका वर्षापुरते, नेमक्या कागदाची प्रत मागावी.

कागद कसा वाचायचा हे सांगण्यासाठी आपल्या भागातली नेहमीची एक घटना घेते. मे-जूनमध्ये रावेर-यावल पट्ट्यात वादळी वारा येतो आणि घडांनी लगडलेल्या केळीच्या बागा तासाभरात आडव्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्यांच्या गाड्या बांधावर उभ्या राहतात, छायाचित्रे निघतात, तातडीने पंचनामे करण्याचे आदेश दिल्याचे सांगितले जाते, आणि संध्याकाळपर्यंत ‘शेकडो हेक्टरवर नुकसान, कोट्यवधींचा फटका’ अशी बातमी सगळीकडे जाते. हे आकडे बहुतेक वेळा कोणीतरी फोनवर अंदाजाने सांगितलेले असतात. तुम्ही मात्र बागेत आत शिरावे. कोणत्या गटातले किती क्षेत्र आहे, बाग मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आहे की कांदेबाग (पावसाळा सरल्यावर लावलेली), घड कापणीला किती दिवस उरले होते, खोड बुंध्याशी मोडले आहे की मुळासकट उपटले आहे, हे शेतकऱ्याला एकेक करून विचारावे. कापणीला आलेला घड पडला तर वर्षभराचा खर्च करून झालेला असतो; नुकतीच लावलेली बाग वाकली तर ती कदाचित सावरते. या दोन नुकसानींना एकाच आकड्यात बसवणारी बातमी शेतकऱ्याच्या कामाची नसते.

त्यानंतर पंचनाम्याकडे यावे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून तो करतात, आणि आपत्तीच्या मदतीसाठी सध्याच्या निकषाप्रमाणे किमान ३३ टक्के नुकसान नोंदले जावे लागते. ३० टक्के लिहिले गेले तर हातात काही पडत नाही, म्हणून बातमीचा खरा गाभा त्या रकान्यात असतो. पीकविमा काढलेल्या शेतकऱ्याने वादळ किंवा गारपिटीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देणे अपेक्षित असते. ही एक ओळ दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ठळक आली तर तिचा उपयोग नेत्याच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी अधिक होतो, आणि आपल्या व्यवसायाचे समाधान मला अशा ओळींतच सर्वांत जास्त मिळाले आहे. केळीच्या भावाचेही तसेच. बऱ्हाणपूर आणि रावेरचे जाहीर झालेले भाव छापणे सोपे आहे. त्या दिवशी बागेवर येऊन व्यापाऱ्याने प्रत्यक्ष कोणत्या भावाने माल उचलला, हे चार गावांतून विचारून जाहीर भावाशेजारी छापणे कष्टाचे आहे, आणि शेतकरी वाचतो ते हेच.

पैसेवारीलाही, म्हणजे ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत गावात पीक किती आले याच्या सरकारी आकड्यालाही, हाच न्याय लावावा. पावसाळा सरताना नजर पैसेवारी जाहीर होते, मग सुधारित आणि वर्षाअखेरीस अंतिम. पन्नास पैशांच्या वर की खाली, या एका आकड्यावर जमीन महसुलातील सूट, वीजबिलातील सवलत, परीक्षा शुल्काची माफी अशा गोष्टी वर्षानुवर्षे अवलंबून राहिल्या आहेत. निवडलेल्या शेतात चौरस आखून पीक कापतात, त्याचे वजन करतात आणि प्रमाण उत्पन्नाशी त्याची तुलना करतात. ही कापणी स्वतः एकदा उभे राहून पाहावी. ती पाहिल्यावर तहसील कार्यालयातून आलेल्या यादीकडे बघण्याची दृष्टी बदलते.

हा विषय आपल्या भागात नवा नाही. १९३८ मध्ये पूर्व खान्देशात अतिवृष्टीने पिके बुडाली, तेव्हा साने गुरुजींनी शेतसारा माफ व्हावा म्हणून गावोगावी सभा घेतल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. ते चळवळीचे पत्र होते आणि आजच्या बातमीदाराने चळवळीचा प्रचारक होऊ नये, असे माझे मत आहे. पण पीक, सारा आणि सरकारी नोंद यांचा प्रश्न हा आपल्याकडच्या वृत्तपत्रांचा मूळ विषय आहे, हे मात्र विसरू नये.

दुसरी गोष्ट पाठपुराव्याची. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावात देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. पंतप्रधान आले होते, देशभरातील कॅमेरे आले होते, आणि कार्यक्रम संपल्यावर ते सगळे परत गेले. जिल्ह्यात राहणाऱ्या पत्रकाराचे काम तिथून सुरू होते. त्या क्रमांकाने गावकऱ्यांच्या रेशनचे, मजुरीचे, पेन्शनचे काय झाले, हे पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी विचारायला दिल्लीहून कोणी येईलच असे नाही. आपण इथेच असतो. महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुव्याचा क्रमांक पहिला आहे आणि लोकसभेच्या यादीत नंदुरबारचा. असे असूनही सातपुड्यातील पाड्यांची बातमी बहुधा निवडणूक, कुपोषण किंवा झोळीतून आणलेला रुग्ण, एवढ्या तीनच निमित्तांनी बाहेर जाते. दिवाळीनंतर गुजरातकडे ऊसतोडीला निघणारी कुटुंबे, त्यांच्याबरोबर शाळा सोडून जाणारी मुले, मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि बंद घरे हे तिथले रोजचे जगणे आहे, आणि कुपोषणाच्या बातमीची कारणे त्यातच शोधावी लागतात. दरवर्षी जातेवेळी आणि परततेवेळी एकाच पाड्यावर जाऊन तीच विचारपूस करावी.

पाड्यावर गेल्यावर भाषेचा प्रश्न येतो. अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी, गुजरी या बोली आपल्या तीन जिल्ह्यांत बोलल्या जातात, आणि तुम्ही कार्यालयीन मराठीत प्रश्न विचारला की उत्तरही कार्यालयीन मिळते. बाई असल्याचा मला इथे एक फायदा झाला : ओट्यावर पुरुषमंडळींशी बोलून झाले की मी चुलीपाशी जाऊन बसते, आणि खरी हकिगत तिथे कळते. ‘‘भाऊले विचारी ल्या,’’ म्हणून सुरुवातीला गप्प बसलेली बाई भाकरी थापता थापता रेशन किती महिन्यांपासून कमी येते ते धान्याच्या नावांसकट सांगते. पंचायतींमध्ये आपल्या राज्यात २०११ पासून महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. त्यामुळे सरपंच बाई असते आणि प्रतिक्रिया तिचे यजमान देतात, हे सर्रास घडते. अशा वेळी यजमानांचे विधान सरपंचांच्या नावाने छापू नये. सरपंचांशीच बोलायचे आहे असे नम्रपणे सांगावे आणि त्या बाहेर येईपर्यंत थांबावे. बहुतेक ठिकाणी त्या येतात, आणि चांगले बोलतात.

आता पैशांविषयी, कारण त्याविषयी न बोलणे हा नव्या मुलांवर अन्याय आहे. तालुका पातळीवरच्या वार्ताहराला अनेक ठिकाणी मानधन नाममात्र असते आणि उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातीच्या कमिशनवर अवलंबून असतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांची पुरवणी, दिवाळीच्या जाहिराती, निवडणुकीतील ‘पॅकेज’ (पैसे घेऊन ठरवलेल्या बातम्या), या सगळ्यांची वसुली ज्याने बातमी लिहायची त्याच्याच गळ्यात पडते. ज्याच्याकडून सकाळी जाहिरातीचा धनादेश घेतला त्याच्याविषयी संध्याकाळी निर्भीडपणे लिहिणे जवळजवळ अशक्य आहे, आणि याचा दोष मी त्या वार्ताहराला देत नाही. ही रचनाच चुकीची आहे, असे मी मनापासून मानते. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापण्याचा प्रकार इतका उघड झाला की प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये त्यावर अहवाल काढावा लागला, आणि आता प्रत्येक जिल्ह्यात निवडणूक काळात अशा मजकुरावर लक्ष ठेवणारी समिती असते. तरीही प्रकार थांबलेला नाही. नोकरी स्वीकारताना जाहिरातीचे टार्गेट आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. टार्गेट असलेच, तर ज्या खात्याची किंवा ज्या पक्षाची बातमी आपण करतो तिथली जाहिरात दुसऱ्या सहकाऱ्याने आणावी, एवढी तरी विनंती करावी. काही संपादक ती मान्य करतात. शिवाय भाषांतर, मुद्रितशोधन किंवा शिकवणी असे दुसरे प्रामाणिक उत्पन्न जवळ असेल, तर नकार देताना पाय डगमगत नाहीत.

कायद्याची एक बाब लहान गावांत विशेष जपावी लागते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे, आणि पीडित व्यक्ती अल्पवयीन असल्यास पोक्सो कायदाही लागू होतो. नाव छापले नाही म्हणजे झाले, असे अनेकांना वाटते. परंतु दोनशे उंबऱ्यांच्या गावात गावाचे नाव, मुलीची इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय एवढे लिहिले की कोणाचीच ओळख लपत नाही. अशा बातमीत तालुक्यापलीकडे तपशील देऊ नये, आणि आरोपी नात्यातला असेल तर नातेही लिहू नये. डेस्कवरून, म्हणजे कार्यालयात बातम्यांचे संपादन करणाऱ्यांकडून, आणखी तपशील मागितला गेला तर कलम दाखवून नकार द्यावा.

सुरुवात कोणत्या शहरातून करावी, असे मला नेहमी विचारले जाते. मी तालुक्याचे ठिकाण सुचवते : चोपडा, शिरपूर, शहादा, पाचोरा, कुठलेही. तिथे पोलीस ठाणे, तहसील, बाजार समिती आणि न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर असतात, आणि एका वर्षात सगळ्या खात्यांचे काम डोळ्यांखालून जाते. जाताना एक साधी वही बरोबर ठेवावी आणि तिच्यात बातमीऐवजी तारखा लिहाव्यात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराच्या ग्रामसभा, पैसेवारीचे टप्पे, विम्याची मुदत, भूमिपूजन झालेल्या प्रत्येक कामाची पूर्ण होण्याची तारीख. त्या त्या दिवशी त्या ठिकाणी जाऊन उभे राहावे आणि काम कुठवर आले, ते विचारावे.